मायकल जॅक्सन, बाबांचे अभंग आणि ताईच्या फुल बाह्या

कॅसेटचा_गुंता | २५ जून, रात्री १०:४२

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, आज तारीख बघितली आणि म्हटलं आज नाही लिहिलं तर परत एक वर्ष गेलं. मायकल जॅक्सन २५ जून २००९ ला गेला. हा रसग्रहणाचा वगैरे धागा नाही, मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही, आमच्या घरात तो कसा शिरला आणि काय करून गेला तेवढंच लिहितोय. तुमचेही अनुभव येऊ द्या.

सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, साल १९९१, मी आठवीतून नववीत गेलेलो आणि ताई अकरावीतून बारावीत. मे महिन्यात मुंबईचा मामेभाऊ आला तो थ्रिलरची ओरिजिनल कॅसेट घेऊन. अल्बम १९८२ चा, म्हणजे जग ऐकून ऐकून थकलं होतं तेव्हा आमच्या आळीत पोचला. चार दिवसांत तो परत जाणार आणि कॅसेट काही ठेवून जाणार नाही, फार भाव खायचा. शेजारच्या काकांकडे डबल कॅसेटवाला टूइनवन (रेडिओ-टेपरेकॉर्डर) होता, पण कोरी कॅसेट आणायची कुठून, पैसे कोण देणार. मग मी बाबांची नव्वद मिनिटांची कॅसेट उचलली, त्यात त्यांनी सांगली आकाशवाणीवरून पंडित भीमसेन जोशींचे अभंग भरून ठेवले होते. पुसू नये म्हणून मागच्या टिकल्यासुद्धा मोडून ठेवल्या होत्या बिचाऱ्यांनी. मी त्या भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि रेकॉर्डचं बटण दाबलं.

आता हिशोब बघा. थ्रिलर साधारण बेचाळीस मिनिटांचा आणि नव्वदच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीसची. शेवटचं गाणं अगदी हळुवार, प्रेमाचं, ते संपतं, दोन सेकंद खरखर आणि मग मधूनच उचलल्यासारखा भीमसेनांचा आवाज, ‘तीर्थ विठ्ठल’चा शेवटचा तुकडा. मूळ कॅसेट ऐकणाऱ्यांना हे कळणार नाही पण माझ्यासाठी तो अल्बम असाच संपतो. आज फोनवर ऐकतो तेव्हाही ते शेवटचं गाणं संपलं की कान टाळांची वाट बघतात.

पकडला गेलो आषाढीला. सकाळी सहाला बाबा आंघोळ करून सोवळं नेसून कॅसेट लावायला बसले आणि स्पीकरमधून पहिल्या गाण्याचा तो ढोल-ठेका. आई स्वयंपाकघरातून धावत आली, मी पांघरूणात मेल्यासारखा पडून. बाबांनी अख्खं गाणं ऐकलं हो. मग शांतपणे विचारलं, “ह्यात विठ्ठल कुठाय?” मी म्हटलं शेवटी आहे. त्यानंतर कित्येक आषाढ्या बाबा बेचाळीस मिनिटं फॉरवर्ड करून ती तीन मिनिटं ऐकायचे. मला मारलं नाही, ह्याचं आजही आश्चर्य वाटतं.

आता ताई. ताईला नववीत असताना डाव्या हातावर पांढरा डाग आला, मग कोपरापर्यंत, मग मानेवर. कोड. आमच्याकडे हा शब्द मोठ्याने उच्चारत नाहीत, “अंगावर उठलंय” म्हणतात. मे महिन्याच्या उन्हात ती फुल बाह्यांचा ड्रेस घालून ओढणी गळ्याशी पिन लावून फिरायची. शाळेत एका बाईंनी गॅदरिंगच्या नाचात तिला “तू मागच्या रांगेत बरी दिसशील” म्हटलं, त्यानंतर तिने नाच सोडला. म्हणजे बाहेरचा सोडला. दुपारी आई झोपली की माजघराचं दार लावून ती मायकल लावायची आणि जे नाचायची, बाप रे, मी तोंड उघडं टाकून बघत बसायचो.

१९९२ च्या गणपतीत कॉलनीच्या मंडपात लहान मुलांचे डान्स होते. दोन पोरं ताईने बसवली होती, आयत्या वेळी एकाला ताप आला. आणि ताई गेली स्टेजवर. बाबांची जुनी हॅट, आणि डाव्या हातात एनसीसीचा पांढरा हातमोजा, त्यावर तिने आठवडाभर बसून चंदेरी टिकल्या शिवल्या होत्या (म्हणजे आयत्या वेळी वगैरे काही नव्हतं हे मला वीस वर्षांनी कळलं). तो हातमोजा बरोब्बर त्या हातात, जिथून सगळं सुरू झालं होतं. मायकलच्या ‘बिली जीन’ गाण्यावर नाचली. टाळ्या वाजल्या का नाही आठवत नाही, लाइट गेली मधेच, तेही आठवतंय.

तेव्हा सगळीकडे एकच बोललं जायचं, की काळा होता, ऑपरेशनं करून गोरा झाला, पैशाचा माज. आमचे सरही वर्गात हेच सांगायचे. मग १९९३ च्या फेब्रुवारीत अमेरिकन टीव्हीवरच्या ऑप्रा विन्फ्रीला दिलेल्या मुलाखतीत तो म्हणाला की मला त्वचेचा आजार आहे, रंग जातो, माझ्या हातात नाही. आम्ही काही मुलाखत बघितली नाही, पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या. ताईने ते कात्रण कापून कॅसेटच्या डबीत घडी घालून ठेवलं. मला एवढंच म्हणाली, “हातमोजा एकाच हातात का घालतो ते मला आधीपासनंच माहिती होतं.” खरं खोटं देव जाणे, तिचं तेच मत आहे आजपर्यंत.

त्या उन्हाळ्यात ती अर्ध्या बाह्या घालायला लागली. मायकलमुळे असं मी म्हणणार नाही, ऊनही कडक होतं त्या वर्षी.

---

चिंचपेटी | २५ जून, रात्री ११:०५

“ह्यात विठ्ठल कुठाय?” — फुटले!! वाखुसा (वाचनखूण साठवली). बाबांना साष्टांग.

---

शहाबादी_फरशी | २५ जून, रात्री ११:२०

भारी लिहिलंय. माझ्या आयडीवरून कळलंच असेल, मूनवॉक, म्हणजे पुढे चालल्यासारखं दाखवत मागे सरकायचं, मायकलची खास स्टेप. आमच्या घरात शहाबादी, त्यावर पाय सरकायचाच नाही, मग मोजे घालून बघितलं, मग पावडर टाकली अर्धा डबा. पावडर पुसायची राहिली आणि संध्याकाळी दिवा लावायला आलेली आजी देवघरापर्यंत मूनवॉक करत गेली, उलट्या दिशेने. काही मोडलं नाही म्हणून वाचलो. शेवटी मित्राच्या घरी मोझॅकवर जमलं.

ज्यांना अजून जमत नाही त्यांच्यासाठी: सगळे सरकणारा पाय ढकलायला बघतात, तिथेच चुकतं. वजन असतं चवड्यावर उभ्या असलेल्या पायावर, टाच वर. सपाट पाय नुसता मागे ओढायचा, त्यावर भार नाही. तो मागे पोचला की त्याची टाच वर आणि पहिल्याची खाली, ही अदलाबदल खटकन झाली पाहिजे, तिथेच फसवणूक आहे सगळी. आणि डोकं एका उंचीवर, वरखाली झालं की संपलं.

---

निवृत्त_पण_जागा | २५ जून, रात्री ११:३८

लेख छान, परंतु एक विचारतो. आपल्या मातीत एवढे नाच असताना ही नक्कल कशाला हवी होती? आमच्या तरुणपणी गणपतीत मेळे असायचे, वगनाट्य असायची. ८५ नंतर मंडपात हे ब्रेकडान्स घुसले आणि सगळं गेलं.

---

शहाबादी_फरशी | २५ जून, रात्री ११:५१

काका, मूनवॉक त्याने तरी कुठे शोधला. १९८३ ला मोटाउन ह्या रेकॉर्ड कंपनीच्या २५ वर्षांच्या कार्यक्रमात केला आणि त्याच्या नावावर चढला, पण बिल बेली नावाचा टॅप डान्सर १९५५ मध्ये असंच मागे सरकत स्टेजवरून गेलेला आहे, फिल्म आहे त्याची. १९८२ मध्ये जेफ्री डॅनियलने ब्रिटिश टीव्हीवर केलं होतं. रस्त्यावरची पोरं त्याला बॅकस्लाइड म्हणायची. सगळेच कुणाचं तरी बघून करतात, आमच्या आळीत एवढंच की रात्री अकराला करायचे.

---

गुहागरी_फणस | २६ जून, सकाळी ७:१४

थ्रिलरच्या पहिल्या गाण्याच्या शेवटी जो कोरस आहे ना, न कळणाऱ्या भाषेतला, त्यावरून आमच्या होस्टेलला मारामारी व्हायची बाकी होती. एकजण म्हणे कानडी, एक कारवारचा होता तो छातीठोकपणे सांगायचा की ही आमची कोंकणी आहे. मी ते ऐकू येईल तसं देवनागरीत वहीत उतरवलेलं, आख्खा अल्बमच उतरवलेला, पॉज-प्ले पॉज-प्ले करून बटण ढिलं झालं. फार पुढे कळलं की तो कॅमेरूनचा, मनू दिबांगोच्या १९७२ च्या सोल मकोसा गाण्यातून आलेला. मकोसा म्हणजे तिकडच्या दुआला भाषेत नाचाशीच संबंधित शब्द. दिबांगोने ह्यावरून हक्क मागितला आणि प्रकरण पैसे देऊन मिटवलं गेलं. कारवारच्याला कळवलं, तो अजून मानत नाही.

रच्याकने (बाय द वे), अशा वहीमुळे माझं इंग्रजी सुधारलं असं लिहिणार होतो पण नाही सुधारलं. वही मात्र आहे.

---

अंधेरीची_राणी | २६ जून, सकाळी ९:३०

१ नोव्हेंबर १९९६, अंधेरी स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स, हिस्टरी टूरमधला मायकलचा मुंबईतला शो!! कुणीच कसं नाही लिहिलं अजून?

मी तिकीट काढून नव्हते गेले, बाबांच्या पगारात ते बसणारंच नव्हतं. आम्ही लांबच्या एका मैत्रिणीच्या बिल्डिंगच्या गच्चीवर जमलेलो, पंधरा-वीस जणं, कुणी चिवडा आणलेला कुणी दुर्बीण. दुर्बिणीतून फक्त आकाशात फिरणारा उजेड दिसला. आवाज यायचा तो पण नुसता बास, धड् धड् पोटात, शब्द वाऱ्यावर कुठेतरी. आम्ही बासवरून गाणं ओळखायचो आणि पैज लावायचो. बिली जीन मात्र पहिल्या दोन ठोक्यांत अख्ख्या गच्चीला कळलं आणि किंचाळलो, खालून वॉचमन वर आला. मी मायकल जॅक्सनला बघितलेलं नाही पण तो माझ्या पोटात वाजून गेलाय असं मी मुलीला सांगते, ती म्हणते आई प्लीज.

एअरपोर्टवर सोनाली बेंद्रे नऊवारीत ओवाळायला उभी होती, तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरात. मी फोटोतल्या तिच्यावर इतकी जळले की काय सांगू.

---

ठाणेदार_नव्हे | २६ जून, सकाळी १०:०२

@अंधेरीची_राणी, त्या शोची दुसरी बाजू पण सांगा. शिवसेनेच्या शिवउद्योग सेनेने आणलेला, मराठी बेरोजगारांसाठी निधी म्हणून. युतीचं सरकार होतं, करमणूक कर माफ केला, तीन कोटींच्या वर रक्कम. मुंबई ग्राहक पंचायत कोर्टात गेली. ते घोंगडं भिजत पडलं ते २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने परत माफीचा निर्णय घेईपर्यंत. पंचवीस वर्षं! तो माणूस जाऊन बारा वर्षं झाली होती तेव्हा.

---

तिखट_मीठ | २६ जून, सकाळी १०:१०

आला, राजकारण आलं. धाग्याचा काश्मीर करू नका प्लीज, बाबांच्या विठ्ठलाची शपथ.

---

ठाणेदार_नव्हे | २६ जून, सकाळी १०:१३

राजकारण नाही हो, बिल आहे. असो, थांबतो. (मी पण शोला होतो, मित्राच्या पासवर, फार मागे. रणगाडा स्टेजवर येतो तेव्हा रडलोय. झालं समाधान?)

---

डॉ_निवांत | २६ जून, दुपारी १:४५

त्वचारोगाची ओपीडी संपवून लिहितोय. धागाकर्ते, तुम्ही तारीख बघून लिहिलंत पण एक तुम्हाला बहुतेक माहीत नसावं, २५ जून हाच जागतिक कोड दिन आहे. २०११ पासून पाळतात आणि तारीख मायकल जॅक्सनच्या स्मृतिदिनावरूनच घेतलीय. त्याच्या शवविच्छेदन अहवालातही कोड असल्याची नोंद आहे, त्यामुळे ते “गोरा व्हायला ऑपरेशन” प्रकरण आता तरी बंद करा लोकहो.

थोडक्यात सांगतो. शरीराची संरक्षण यंत्रणा रंग बनवणाऱ्या पेशींवरच उलटते, म्हणून रंग जातो. संसर्गजन्य नाही, महारोगाशी काडीचा संबंध नाही, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही (हे मला आज सकाळीच एका आजींनी परत सांगितलं). शंभरात साधारण एकाला असतं. डाग खूपच पसरले तर उरलेल्या त्वचेचा रंग काढून सगळं एकसारखं करायचं मलमही असतं, लोकांना जे “गोरं होणं” वाटतं ते बरेचदा हे असतं.

पेशंट मुली अजून फुल बाह्यांत येतात. २०-२२ वर्षांच्या. आई बरोबर असते आणि पहिला प्रश्न आईचा असतो, लग्नाचा.

---

कॅसेटचा_गुंता | २६ जून, दुपारी ३:२०

डॉक्टर, खरंच माहीत नव्हतं. आत्ता ताईला फोन करून सांगितलं. दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली “बरं, कुकर लावलाय, ठेवते.”

---

कडू_कारलं | २६ जून, दुपारी ४:०५

सगळे गहिवरलेत म्हणून मलाच वाईट व्हावं लागणार. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांचं काय? १९९३ चं प्रकरण पैसे देऊन मिटवलं, २००५ ला खटला झाला त्यात सगळ्या आरोपांतून सुटला, ठीक, कोर्टाने सोडलं. पण त्या आरोपांवरची २०१९ ची ‘लीव्हिंग नेव्हरलँड’ डॉक्युमेंटरी बघितलीय का कुणी? मी बघितली आणि त्यानंतर मला ती गाणी लावता येत नाहीत. माझं पण सगळं कॉलेज त्याच्यावर गेलंय, मी पण हॅट घालून फिरायचो. त्यामुळे चिडून नाही लिहीत, काहीतरी हरवल्यासारखं झालंय आणि इथे सगळे फुलं वाहताना बघून राहवलं नाही.

---

अंधेरीची_राणी | २६ जून, दुपारी ४:३०

कोर्टाने निर्दोष सोडलेल्या माणसाला मेल्यावर आपण कोण शिक्षा देणारे? त्याला स्वतःला बालपण नव्हतं, पाच-सहा वर्षांचा असल्यापासून भावांबरोबर स्टेजवर, बापाचा मार खाऊन.

---

कडू_कारलं | २६ जून, दुपारी ४:४१

बालपण नव्हतं हे खरंच आहे, त्याने दुसऱ्याच्या बालपणाचा प्रश्न सुटत नाही. असो. भांडत नाही.

---

कॅसेटचा_गुंता | २६ जून, संध्याकाळी ६:१५

@कडू_कारलं, बरं झालं लिहिलंत, मी मुद्दाम टाळलं होतं. आमच्याकडे ती डॉक्युमेंटरी मी एकट्याने बघितली, निम्मी. ताईने नाही बघितली, बघणारही नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाली, “तुला तो आवडायचा, मला तो लागायचा. तू ठरव तुझं.” मला अजून ठरवता आलेलं नाही. मी ऐकतो पण हेडफोन लावून, हे काय उत्तर आहे का, नाही.

---

रात्रपाळी | २६ जून, संध्याकाळी ७:००

२००९ ला मी पुण्यात कॉल सेंटरला. आपल्याकडे २६ ची पहाट होती, तीनच्या सुमारास गेला तो आपल्या घड्याळाप्रमाणे. लाइनवर एक अमेरिकन बाई बिलावरून भांडत होती, मधेच गप्प झाली आणि म्हणाली सॉरी, टीव्हीवर काहीतरी दाखवतायत. आणि रडायला लागली. मी नियमाप्रमाणे “अजून काही मदत करू शकतो का” विचारलं. गूगलवर शोधायला गेलो तर एरर, इतके लोक एकदम शोधत होते की त्यांना हल्लाच वाटलेला. लंडनला त्याचे पन्नास शो ठरले होते जुलैपासून. सकाळी कॅब घरी सोडायला निघाली, आम्ही सहा जण, ड्रायव्हरने नेहमीप्रमाणे भूपाळ्या लावलेल्या, कुणीच बदल म्हणालं नाही.

---

पर्पल_पोहे | २६ जून, संध्याकाळी ७:२२

मी २००४ ची, आमच्याकडे बीटीएस, कोरियन पोरांचा बँड 🙈 आई म्हणते हे काय मुलींसारखे मेकअप केलेले पोरगे. आता हा धागा तिला पाठवते, कारण तिच्या कपाटात आतल्या बाजूला मायकल जॅक्सनचं पोस्टर आहे, लाल लिपस्टिकवालं.

---

नटबोल्ट | २६ जून, रात्री ८:०५

माझ्यातर्फे थोडं अवांतर, ‘स्मूथ क्रिमिनल’ गाण्यात तो ताठ अंगाने पुढे झुकतो ना, त्याचं. १९९३ चं अमेरिकन पेटंट आहे त्याच्या नावावर, बुटांचं! टाचेत खाच, स्टेजमधून योग्य वेळी खिळा वर येतो, टाच त्यात अडकवायची आणि ताठ अंगाने पुढे झुकायचं. हे स्टेजसाठी, व्हिडिओत तारा लावल्या होत्या. बूट असले तरी पाठ आणि पोटऱ्या लोखंडी लागतातच. मी सायन्स एक्झिबिशनला मॉडेल केलेलं, फळीला खिळा मारून. वडिलांच्या बुटाची टाच गेली, बक्षीस उत्तेजनार्थ.

धागाकर्ते, ती कॅसेट अजून आहे का?

---

कॅसेटचा_गुंता | २७ जून, रात्री ९:५०

आहे! आज गावी आलोय, माळ्यावर चढलो. डबीत कात्रण पण आहे, पिवळं पडलंय, घडीवर फाटलंय. हातमोजा सापडला नाही, ताईला विचारलं तर म्हणाली माझ्याकडेच आहे, तुला काय करायचाय. टेपरेकॉर्डर चालू होतोय, लाल दिवा लागतो, पण कॅसेट फिरत नाही, मोटर नुसती घूं घूं करते. बाबा खाटेवर बसून बघतायत (८४ चालू आहे). म्हणतात आषाढीच्या आत कर.

---

नटबोल्ट | २७ जून, रात्री १०:०३

टेपरेकॉर्डरचा आतला रबरी बेल्ट गेलाय, दुसरं काही नाही. आत काळं डांबरासारखं चिकटलं असेल, ते स्पिरिटने पुसा, हाताला लागलं तर दोन दिवस जात नाही. बेल्ट चपटा आहे का चौकोनी ते बघून फोटो टाका, पुण्यात मिळतो, मी कुरिअर करतो. आणि हो, फॉरवर्ड करू नका लगेच, इतकी वर्षं पडून असलेली टेप ताणली तर तुटेल. विठ्ठलापर्यंत जायचं तर पूर्ण बेचाळीस मिनिटं वाजवूनच जायचं.

---

कॅसेटचा_गुंता | २७ जून, रात्री १०:११

चौकोनी आहे. बाबांना सांगितलं, म्हणाले वाजव, मला काय, आता पाठ झालंय ते.